पापडीचा सर्व्हर आणि माझं ‘समजलं’

मला मान हलवायची सवय आहे. समोरचा माणूस बोलत असला की माझी मान आपोआप वरखाली होते आणि तोंडातून ‘हो, समजलं’ निघून जातं. समजलेलं असो की नसो. नववीत गणिताच्या तासाला मी वर्षभर अशीच मान हलवली. एकदा सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘तू सांग बरं, काय समजलं?’ मी फळ्याकडे बघत उभी राहिले. शाळा सुटायला घरची कारणं होतीच, पण त्या दिवसानंतर घरी कोणी ‘जा’ म्हटलं नाही आणि मीही ‘जाऊ का’ विचारलं नाही.

आमचं गाव चंद्रपूरकडचं. तिथून मी वसईजवळच्या वालीवला आले ती एका गाळ्यात सोल्डरिंगच्या लाइनवर. दिवसभर हिरव्या बोर्डांवर सुट्या भागांचे पाय चिकटवायचे. रूममधल्या मुली माझ्या गावाकडच्या ‘मले’ आणि ‘काऊन’ला हसायच्या, म्हणून मी ते महिनाभरात सोडून दिलं. शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम चालायचं. तिथल्या मालकांनी एकदा मला बंद पडलेला बोर्ड हातात घेऊन बसलेलं बघितलं आणि विचारलं, ‘शिकशील का?’ शिक्षण किती, हे त्यांनी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. त्यांचे उपकार मी रोज आठवते आणि रोज घाबरते की आज त्यांना पस्तावा होईल.

वसईतल्या पापडीचं काम त्यांनी मला एकटीला दिलं तेव्हाही ही भीती होतीच.

घर जुन्या वाडीतलं. मागे केळी, पुढे ओटा, आत भिंतीला आल्तार, ख्रिस्ती घरात प्रार्थनेला असतो तसा. घरात दोघंच, नवराबायको. वयाने दोघं सारखेच असतील, पण ते माझ्यासाठी काका झाले आणि त्या आजी. असं का, ते मला सांगता येणार नाही. काका आयुष्यभर मुंबईत छापखान्यात जुळारी होते. आधी शिशाचे खिळे जुळवायचे, नंतर कॉम्प्युटरवर अक्षरं. आजी गाणाऱ्या. स्टेजवर नव्हे, मांडवात. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका गाणी म्हणतात, त्यांच्या घरच्या बोलीत. एक जण ओळ उचलते, बाकीच्या मागून घेतात. पापडीत आणि आसपास तीस-चाळीस वर्षं ओळ उचलायला आजींना बोलावणं असायचं. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता त्या बोलतात ते नुसत्या श्वासावर. जवळ गेलं तर ऐकू येतं.

जानेवारीत नातवाचं लग्न होतं. मुलगा, सून, नातवंडं सगळी ऑस्ट्रेलियात, पण लग्न पापडीलाच करायचं ठरलं होतं. नात म्हणाली होती, ‘मांडवात ओळ मी उचलणार.’ ती तिकडेच वाढलेली, घरची बोली तिला जेमतेम. आजी स्वतः शिकवू शकत नव्हत्या. पण जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट होत्या, आणि त्यांत आजींचा आवाज होता.

काकांनी त्या कॅसेट एका स्टुडिओतून कॉम्प्युटरसाठी करून आणल्या होत्या. स्टुडिओवाल्याने ‘एकदम मोठ्या साइजमध्ये देतो’ म्हणत त्या धुरकट चित्राच्या अवाढव्य फाइली केल्या. त्या ठेवायला आमच्या मालकांनी एक छोटा डबा बसवून दिला. डबाच म्हणते मी, वहीपेक्षा लहान. तो घरचा सर्व्हर. नातीने तिकडे टीव्ही लावला की तो इथून गाणं पाठवणार. पण एवढी फाइल इथल्या इंटरनेटवरून जाणार कशी? म्हणून पाठवता पाठवता तिचं आकारमान कमी करावं लागतं. ते काम डब्यातली ग्राफिक्सची चिप पटकन करते. चिप नसली तर साध्या प्रोसेसरवर पडतं आणि त्याचा जीव जातो. चित्र दोन सेकंद चालतं, पाच सेकंद थांबतं.

तेच होत होतं. नात तिकडून सांगायची, ‘अडकतं.’

पहिल्या वेळी मी गेले आणि दोष लगेच सापडला. सर्व्हरच्या प्रोग्रामला चिप वापरायची परवानगीच नव्हती. दारात उभा असलेला पाहुणा, पण आत या म्हणायला कोणी नाही, तसं. मी परवानगी दिली, डबा बंद करून चालू केला. मग स्वतःच्या मोबाइलचं वायफाय बंद करून वाडीत केळीखाली जाऊन गाणं लावलं, म्हणजे बाहेरून बघितल्यासारखं होईल. सरसर चाललं. काका खूश झाले, आजींनी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून दिली. परत जाताना वसई रोड स्टेशनपर्यंत मी रिक्षात एकटीच हसत होते.

चार दिवसांनी मालक म्हणाले, ‘पापडीचं परत अडकतंय गं.’

दुसऱ्या वेळी बघते तर डब्यावर आजींनी विणलेलं क्रोशाचं झाकण. पांढरं, कडेला गुलाबं. हवा जायच्या भोकांवर बरोबर.

‘धूळ बसते ना,’ काका म्हणाले.

‘काका, ह्याला श्वास घ्यायला लागतो.’

‘मग हिला सांग. ती टीव्हीलापण घालणार होती.’

झाकण काढलं. चिपचं सॉफ्टवेअरही नवं टाकलं. मी मोबाइलवर गाणं लावून तपासत होते तेव्हा आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या. पडद्यावर त्याच होत्या, माझ्या आताच्या वयाच्या, हिरव्या लुगड्यात, केसांत फुलं, ओळ उचलताना मान जरा तिरकी. आता शेजारी बसून त्या मला काहीतरी सांगायला लागल्या. श्वासावरचा आवाज, त्यात त्यांची बोली. मला एक शब्द कळला नाही. त्यांचं बोलणं मला हुबेहूब लिहिता येत नाही, म्हणून पुढेही मी ते माझ्या मराठीतच लिहिणार आहे. पण त्या दिवशी लिहायला काहीच नव्हतं. नुसता वारा ऐकू आला.

मी मान हलवली. ‘हो आजी. समजलं.’

त्यांनी पडद्याकडे बोट केलं आणि विचारल्यासारखं बघितलं. मला वाटलं, गाणं कळतंय का विचारतायत. ‘कळतं ना आजी, गाणंपण कळतं,’ मी म्हटलं. एवढ्या थकलेल्या बाईला, ज्यांना एकेक शब्दाला छाती भरून घ्यावी लागते, त्यांना ‘परत सांगा’ कसं म्हणायचं? असं मी मनाला सांगितलं. खरं तर मला ‘हिला काही कळत नाही’ हे ऐकायचं नव्हतं.

निघताना काकांनी विचारलं, ‘हिने सांगितलं ते बघितलंस ना?’

‘हो काका, बघितलं.’

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. काकांनी त्या गाण्यांना खाली अक्षरं घातली होती. नातीसाठी. वर पिवळ्या रंगात गाण्याची ओळ, रोमन लिपीत. खाली पांढऱ्यात इंग्रजी अर्थ. प्रत्येक अक्षराला बारीक काळी सावली, ओळ सुरू होते तिथेच बरोबर उमटणारी. त्या दोन रंगांवर काकांनी किती महिने घालवले होते ते त्यांनाच माहीत. पण घरात ती अक्षरं कोणी लावायचं नाही. आजींना गरज नाही, काका आपल्या लॅपटॉपवर वेगळी बघायचे. आणि मी? मी तर गाणं कळतं असं सांगून बसले होते. आजी शेजारी असताना अक्षरं कशी लावू? शिवाय इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचते, आणि ते काकांसारख्या माणसासमोर दिसू नये असंही वाटायचं.

तर मी दर वेळी अक्षरांशिवाय तपासायची, दर वेळी ते चालायचं, आणि मी गेले की नातीकडे अडकायचं.

तिसऱ्या खेपेला मी सर्व्हरची नोंद उघडली. त्यात तो काय काय करतो ते ओळीने लिहिलेलं असतं, इंग्रजीत, पानंच्या पानं. चूक झाली की ओळ लाल होते, म्हणून मी त्यात फक्त लाल ओळी शोधल्या. लाल काही नव्हतं. म्हणून मी सांगितलं, ‘तिकडचं इंटरनेट असेल काका.’

काकांनी वाद घातला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, ‘नोव्हेंबर लागला. ती म्हणते, आजी, राहू दे, मी मांडवात नुसत्या टाळ्या वाजवीन.’

आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. केळीकडे तोंड करून बसल्या. मला मालकांना तोंड दाखवायची भीती होतीच, पण त्या दिवशी ती मागे पडली. ते गाणं माझ्या हातून अडलंय असं पहिल्यांदा वाटलं.

गाळ्यावर मी रडवेली होऊन सांगितलं, ‘मी असते तेव्हा चालतं हो.’

मालक स्क्रू काढत होते. ‘मग तू नसशील तेव्हा जा.’

‘म्हणजे?’

‘तू जातेस सकाळी नाहीतर संध्याकाळी. ती पोरगी बघते कधी?’

तिकडे संध्याकाळी जेवण झालं की. म्हणजे इथे दुपार. आमच्या गल्लीतले गाळे शुक्रवारी बंद असतात. त्या शुक्रवारी मी दुपारी गेले.

काका आत झोपले होते. आजी ओट्यावरून उठून आल्या, मला खुर्ची दिली. डबा गप्प होता. आजींनी मोबाइल मांडीवर ठेवला होता. व्हिडिओ कॉलवर नात. ती तिकडे सोफ्यावर, तिच्या मागे टीव्ही. हे त्यांचं रोजचं होतं म्हणे. गाणं लागायचं आणि आजी तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

‘हाय दीदी,’ नात म्हणाली. ‘यू आर द कॉम्प्युटर दीदी?’

‘येस,’ मी म्हटलं. तेवढं येतं.

तिने गाणं लावलं. आणि डब्याचा पंखा सुरू झाला. आधी हळू, मग इतका की आल्तारापुढची मेणबत्ती हलेल असं वाटलं. मी सर्व्हरचं पान उघडलं. चिप एका बाजूला निवांत, आणि सगळा भार प्रोसेसरवर, अगदी वरच्या टोकाला. तिकडे टीव्हीवर आजी तोंड उघडून थांबल्या होत्या.

खऱ्या आजींनी माझ्या दंडाला हात लावला. डब्याकडे बोट केलं, मग मोबाइलमधल्या टीव्हीकडे, आणि तेच बोलल्या जे त्या दिवशी बोलल्या होत्या. सूर तोच, लांबी तीच.

माझी मान हलली. ‘हो आजी, समज...’

आजींनी माझं मनगट धरलं. हात वाळलेला, पण पकड चांगली.

‘काय म्हटलं मी? सांग.’

एवढं मात्र कळलं. मी सर्व्हरच्या पानाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. पळून जायला इथे घर नव्हतं, चंद्रपूर फार लांब.

‘नाही समजलं आजी,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशीपण नव्हतं समजलं. गाणंपण नाही कळत मला. खोटं बोलले.’

आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. त्या हसत होत्या. आवाजाशिवाय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी मोबाइलमध्ये तोंड घालून नातीला काहीतरी सांगितलं आणि नात ओरडली, ‘दीदी! आजी सेज यू आर लाइक मी! मला पण नाही समजत!’

मग आजींनी मला हळूहळू सांगितलं. एक शब्द, श्वास, एक शब्द. जिथे अडलं तिथे हाताने. डबा चित्राला रडत नाही. नातीने नुसतं गाणं लावलं तर गप्प असतो. ती अक्षरं लावते तेव्हा रडतो.

‘काकांना सांगितलं का हे?’

आजींनी आतल्या खोलीकडे बघितलं. ‘त्याला म्हटलं. तो म्हणाला, अक्षरांनी काय होतंय, तुला काय कळतं. त्या मुलीला सांग. तुला सांगितलं. तू म्हणालीस, समजलं.’

मी नातीला अक्षरं काढायला सांगितली. पंखा खाली आला, चित्र सुटलं. लावायला सांगितली. पंखा ओरडला. चार वेळा केलं. त्याहून स्पष्ट काही नसतं. मग मी नोंदीतल्या त्या न वाचलेल्या ओळी मोबाइलवर भाषांतर करून करून वाचल्या. लाल नव्हत्या, पण सगळं लिहिलेलं होतं. साधी अक्षरं असतील तर टीव्ही ती स्वतः वर मांडतो. पण काकांची रंगीत, सावलीवाली अक्षरं त्या टीव्हीला मांडता येत नव्हती, म्हणून डबा ती प्रत्येक चित्रावर स्वतः उमटवत होता. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, तीही अवाढव्य. ते काम चिपकडून होत नव्हतं, म्हणून सगळं प्रोसेसरवर. चूक कोणाचीच नाही असं डब्याचं म्हणणं, म्हणून लाल काही नव्हतं.

आता हे काकांना सांगायचं होतं.

ते उठले, चूळ भरली, चहा आला. मी सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘साधी अक्षरं केली, रंग काढले, तर आत्ता चालेल काका. पाच मिनिटांचं काम आहे.’

काकांनी चहाचा घोट घेतला. ‘रंग काढले तर तिला कळणार कसं, गायचं कुठलं आणि अर्थ कुठला?’

मी मान हलवली नाही, एवढं मला आठवतं.

‘म्हणजे तू म्हणतेस,’ ते म्हणाले, ‘ती गाणं मागते तेव्हा हा तिथल्या तिथे छापायला घेतो?’

‘हो. प्रत्येक वेळी नव्याने.’

‘दोन रंगात?’

‘दोन रंगात.’

‘मूर्ख आहे.’ कप बशीत आपटला. ‘दोन रंगी काम म्हणजे कागद मशीनमधून दोनदा काढायचा. गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण छापायला घेतं? आधी छापून गठ्ठे बांधून ठेवायचे. मग कोणी कधीही या.’

उपाय तोच होता. अक्षरं एकदाच चित्रात कायमची उमटवून प्रत्येक गाण्याची नवी फाइल करायची, आकारानेही लहान. डब्याला दोन दिवस लागोत नाहीतर चार, घाई नाही. मग नातीने मागितलं की चिपला नुसतं चित्र द्यायचं. अक्षरं काय आणि आजींचं लुगडं काय, तिला सगळं सारखंच.

‘पण काका, एकदा उमटवलं की दुरुस्ती नाही करता येणार. तुम्ही रोज काहीतरी बदलता.’

हे ऐकल्यावर मात्र ते खरे जुळारी झाले. ‘मग शेवटचं प्रूफ काढायला हवं. आणि ते मी नाही वाचणार. आपलं जुळवलेलं आपण वाचलं की चूक दिसत नाही. तू वाच.’

‘मी? मला तुमची बोली येत नाही. इंग्रजीपण...’

‘म्हणूनच. ज्याला येतं तो नजरेने उडी मारतो. तू एकेक अक्षर वाचशील.’

चार शुक्रवार आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मी पिवळी ओळ अक्षर लावून लावून मोठ्याने वाचायची. आजी ऐकायच्या आणि चूक असली की टेबलावर चमचा आपटायच्या. कधी चूक काकांची असायची, जास्त वेळा माझी. काका म्हणायचे, ‘ही चूक हिची की माझी ते ठरवा आधी.’ आजी माझ्याकडे बोट करायच्या आणि परत ते निःशब्द हसणं. अर्थाची ओळ आली की त्या मला थांबवायच्या. ‘काय कळलं, सांग.’ मी सांगायची, किंवा म्हणायची, नाही कळलं. पहिल्या शुक्रवारी ते म्हणायला मला वेळ लागायचा. तिसऱ्याला मी काहीच न लाजता म्हणायला लागले, आणि मग लक्षात आलं की कळायलाही लागलंय. एका गाण्याला आजी म्हणाल्या, हे तुमच्याकडे आहे का? नवऱ्या मुलाला हळद लावताना त्याच्या आईची थट्टा. मी म्हटलं, आहे की. आणि आमच्याकडची ओळ म्हणून दाखवली, ‘मले’सकट. काका म्हणाले, ‘हे कुठलं मराठी?’ आजींनी त्यांच्याकडे चमचा रोखला.

एकेक गाणं झालं की मी डब्याला कामाला लावून यायची. दर वेळी पुढच्या शुक्रवारी आधी पंखा ऐकायची. शेवटची फाइल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झाली. त्या दुपारी नातीने ती लावली, दोन्ही रंगांत, आणि डब्यातून काहीच आवाज आला नाही. काका दोनदा उठून बघून आले की बंद तर पडला नाही ना.

त्यानंतर तिने रोज रियाज केला. ती गायची आणि आजी कान मोबाइलला लावून बसायच्या. गाणं चालू असताना त्यांचा श्वासावरचा आवाज मोबाइलमधून तिला जायचा नाही, तेव्हा मी असले तर मी सांगायची. ‘आजी म्हणतात, ओळ संपायच्या आधी दम घेऊ नकोस. तिथे दम घेतलास की मागच्या बायका घुसतात आणि तुझी ओळ खातात.’

‘ओके. अगेन,’ ती म्हणायची.

मला मांडवाचं बोलावणं होतं. मालक म्हणाले, जा, सुट्टी घे. मी मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसले. पुढे म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यांत, आजी त्यांच्यात. नात उभी राहिली तेव्हा एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘ही उचलणार? हिला आधी मोबाइल तरी द्या हातात.’ हशा झाला. नातीच्या हातात काही नव्हतं. तिने ओळ उचलली. आवाज कोवळा, उच्चार तिकडचे. पहिल्या ओळीला बायका थांबल्या, एकमेकींकडे बघितलं. तिने दम घेतला नाही, ओळ पुरी केली, तेव्हा तीच टोमणा मारणारी म्हातारी मागून शिरली आणि मग सगळ्या. मी पदराआड रडत होते, आणि शेजारची बाई मला अनोळखी असून पाणी देत होती.

गाणं संपल्यावर मी आजींजवळ गेले. वाटलं, त्यांचेही डोळे भरले असतील. त्या केसांतलं फूल नीट खोचत होत्या. मी वाकले तेव्हा कानात म्हणाल्या, ‘घाई करते. दुसऱ्या गाण्याला सांग, हळू.’

मी तशीच नातीकडे गेले आणि तिला सांगितलं.